प्रशियातल्या शाळेच्या दाराशी

हे गेले तो गुरुवार होता. सकाळी यांनी चहा घेतला, टेबलाशी बसून वही उघडली. मी ग्रोसरी आणायला गेले. परत आले तेव्हा हे खुर्चीत होते आणि पेन जमिनीवर होतं. मी हाक मारली, मग फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं. मी घरी आले आणि दूध फ्रिजमध्ये ठेवलं.

२०१६ चा ऑक्टोबर होता. मुलगी हॅलिफॅक्सहून आली, तीन आठवडे राहिली. तिने बँकेची आणि पेन्शनची पत्रं लिहिली, यांचे कोट दान केले, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते मला दोनदा दाखवलं, आणि परत गेली. ती डॉक्टर आहे. तिला जास्त रजा मिळत नाही. टोरोंटोजवळच्या ओकव्हिलमधल्या या घरात त्यानंतर पहिल्यांदा मी एकटीने स्वयंपाक केला तेव्हा वरण सवयीने दोघांचं झालं. ते दोन दिवस पुरलं.

यांनी मागे ठेवलं होतं ते एक पुस्तक, जवळजवळ पुरं झालेलं. हे विद्यापीठात शिक्षणाचा इतिहास शिकवत. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं एकच विषय धरून बसले होते: एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन शिक्षणाधिकारी आगबोटीने युरोपात जातो आणि महिनोन्‌महिने निरनिराळ्या देशांतल्या शाळा बघत फिरतो. इंग्लंड, स्कॉटलंड, प्रशिया, सॅक्सनी. राजवाडे आणि चित्रसंग्रहालयं सोडून हा माणूस सकाळी उठून वर्गांत जाऊन उभा राहायचा. मास्तर कसे बोलतात, मुलं घाबरतात का, छडी कुठे ठेवलेली असते, हे बघायचा. परत गेल्यावर त्याने ते सगळं लिहून काढलं, आणि त्याच्याच गावचे मास्तर त्याच्यावर चिडले. यांना तो भाग फार आवडायचा.

हे पुस्तक मराठीत लिहीत होते. इंग्रजीत त्या माणसावर कपाटं भरून आहे, पण आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यातल्या मास्तरला ते कोण सांगणार, असं यांचं म्हणणं.

त्या अमेरिकनाला प्रशियात एका गोष्टीचं नवल वाटलं होतं. तिथले शिक्षक हातात पुस्तक न घेता शिकवत. धडा डोक्यात, दोन्ही हात मोकळे, नजर मुलांवर. यांनी तेच आपल्या लिहिण्याला लावून घेतलं. सकाळी वाचायचं, टिपणाची कार्डं करायची. जेवणानंतर पुस्तकं, कार्डं सगळी मिटून कपाटात ठेवायची आणि कोऱ्या वहीत आठवणीतून लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की माणूस नक्कल करतो, असं म्हणत. प्रकरण पुरं झालं की मग एकेक वाक्य मूळ पुस्तकाशी ताडून बघत, चुकलेलं काढत. त्यानंतर मी त्याची सुवाच्य प्रत करायची. यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नसे. मी नोकरीभर ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या, त्यामुळे मला कंटाळा येत नसे. शनिवारी आम्ही दोघं समोरासमोर बसत असू. बोलणं फारसं नसे.

एकदा मी म्हटलं होतं, “अहो, हा अमेरिकन पहिल्या प्रकरणात बायकोला घेऊन बोटीत बसतो. नवीन लग्न झालेलं. पुढे तिचं काय होतं?”

“असते की बरोबर.”

“कुठे? एकाही वर्गात दिसत नाही.”

“हॉटेलात असेल.”

“म्हणजे माझ्यासारखी. तुमच्या परिषदा आणि माझी हॉटेलं.”

हे हसले, आणि दुसऱ्या दिवशी तिला दोन वाक्यं मिळाली. तीही खिडकीत बसलेली.

हे गेले तेव्हा शेवटची चार प्रकरणं कच्च्या वहीत होती, ताडून न पाहिलेली. पुण्यानुमोदनाला बुद्धविहारात मंडळी जमली होती. वंदना झाली, जेवणं झाली, आणि कुणीतरी म्हणालं की वर्षाच्या स्मृतिदिनाला पुस्तक निघालं पाहिजे, नागपूरला छापून घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हो म्हटलं. मला काहीतरी करायला हवं होतं.

त्या हिवाळ्यात मी चार प्रकरणांची सुवाच्य प्रत केली. ताडून बघणं मागाहून करू असं ठरवलं. आधी प्रत हा क्रम उलटा होता, हे मला कळत होतं. पण यांचं अक्षर रोज थोडं थोडं वाचायला मिळत होतं, आणि ते मी लांबवत होते. बर्फ पडलं की शेजारचा माणूस न विचारता माझा ड्राइव्हवे फावड्याने मोकळा करून जायचा. मी खिडकीतून हात करायची. काही काही आठवड्यांत तेवढंच माणसाशी बोलणं व्हायचं.

फेब्रुवारीत मी मुलीकडे हॅलिफॅक्सला गेले. नातीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसमध्ये सही करून वर्गापर्यंत जाऊ देत. वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून बुटांच्या रांगा होत्या. मुलं बर्फाचे बूट बाहेर काढून दुसरे घालून आत बसतात. बुटांखाली पाण्याची थारोळी झाली होती.

“आजी, यू आर लेट,” नात म्हणाली.

“तीन मिनिटं.”

“फोर.”

तिचे बूट शोधायला मी वाकले आणि माझ्या मनात आलं, अगदी प्रशियातल्यासारखं. प्रत करताना नुकतंच ते पान लिहिलं होतं: खेड्यातली शाळा, दाराबाहेर मुलांनी काढून ठेवलेल्या पादत्राणांची रांग. नातीचा डावा बूट हातात धरून मी तशीच वाकून राहिले. प्रशियातली मुलं शाळेच्या दाराशी जोडे कशाला काढतील?

काढत असतीलही. लाकडी तळाचे जोडे, चिखलाची वाट, असं यांनी लिहिलं होतं. अशक्य नव्हतं. पण माझ्या हातून ते पान गेलं तेव्हा मला काहीच खटकलं नव्हतं, आणि यांनाही लिहिताना खटकलं नसावं. आम्हा दोघांच्याही डोक्यात शाळा म्हणजे दाराबाहेर चपला, हे इतकं पक्कं बसलेलं की ती शाळा कोणत्या देशात आहे हे पाहायचं राहिलं.

घरी परतल्यावर मी गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, टोरोंटोला जाऊ लागले. घरी फक्त काही भागांच्या छायाप्रती होत्या; पुरे जुने ग्रंथ तिथल्या वाचनालयात होते. पेन्सिल आणि वही एवढंच आत नेता येतं. त्या अमेरिकनाने लिहिलेलं सगळं मी ओळीओळीने वाचलं. तीन खेपा झाल्या. बाकीची माहिती जुळत होती. एखाद्या गावाचं नाव इकडचं तिकडे, एवढंच. जोड्यांची रांग मात्र कुठेच नव्हती. आणि त्या रांगेशी बसलेली मुलगीही नव्हती.

ती मुलगी म्हणजे त्या प्रकरणाचा गाभा. यांनी लिहिलं होतं की प्रवासी एका खेड्यातल्या वर्गात उभा असताना त्याला दिसतं, दाराबाहेर जोड्यांशेजारी नऊदहा वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिचं नाव पटावर नाही. ती धाकट्या भावाला शाळेत पोचवायला येते आणि सुटेपर्यंत तिथेच थांबते. आत मुलं पाढे म्हणतात, ही बाहेर गुडघ्यावर बोटाने आकडे लिहिते. भाऊ शेवटच्या ओळीत आहे. तो एकदाही वळून तिच्याकडे बघत नाही. मग मास्तर शिकवता शिकवता दाराकडे जातात, तिला हाताला धरून आत आणतात आणि भावाच्या शेजारी बसवतात. धडा पुढे चालू. पाच पानं होती.

यांच्या कार्डांत प्रत्येक गोष्टीला पान क्रमांक असे. या पाच पानांसाठी एकही कार्ड नव्हतं. कच्ची वही पुन्हा उघडली. यांच्या लिहिण्यात ओळीला दोन तरी खोडाखोडी असत. त्या पाच पानांत एकही नव्हती.

गुडघ्यावर बोटाने आकडे लिहिणारं माणूस मी पाहिलेलं होतं. यांची थोरली बहीण. आमचं लग्न झालं तेव्हाही ती तशीच मोजायची, आणि शेवटची भेट झाली तेव्हाही. मी इकडे येऊन किती महिने झाले, कोण किती वर्षांनी मोठं, सगळं गुडघ्यावर. मला ती तिची लकब वाटायची.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला आपल्या शाळेविषयी फार थोडं सांगितलं होतं. गावाला एकच खोली होती, मास्तर चांगले होते, मला स्कॉलरशिप मिळाली. बस्स. बहीण शाळेच्या दाराशी बसायची हे कधी नाही. मी विचारलंही नव्हतं. आम्ही दोघं न बोलता चांगले राहतो, याचा मला अभिमान होता. त्या दिवसांत मी यांच्या टेबलाशी बसून राहायची आणि आणखी काय काय मला माहीत नाही, याचा अंदाज घ्यायची. त्याला अंत नव्हता. माणूस गेल्यावर त्याच्यापासून इतकं लांब जाता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, सो व्हॉट? जस्ट अ‍ॅड अ फुटनोट.”

“तळटीपेत काय लिहू? हे घडलंच नाही, असं?”

“बाबांनी फील्ड-नोट्समधून घेतलं असेल.”

“बाबा प्रशियात नव्हते.”

“आय नो, आई. मग आत्याला विचार ना.”

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, मी ताईंना, यांच्या त्या बहिणीला, फोन लावला. त्या नागपूरला मुलाकडे असतात. कानाने अजून चांगल्या आहेत.

“काय वं, जेवली का?” त्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच.

“सकाळ आहे ताई इकडे.”

“मंग नाश्ता तरी कर. एकटी असली की बाई उपाशी राह्यते, मले ठावं हाय.”

मी म्हटलं, यांच्या पुस्तकातला एक भाग वाचून दाखवते. जर्मनीतली गोष्ट आहे, जुनी. आणि पाचही पानं वाचली. मास्तर मुलीला आत आणून बसवतात तिथे आले तेव्हा पलीकडे टीव्ही चालू होता तो कुणीतरी बंद केला.

ताईंनी विचारलं, “त्या पोट्टीच्या मांडीवर लेकरू हाय का?”

“नाही.”

“मंग ते मी नोहे. माह्या मांडीवर धाकटा राहे. माय कामाले जाये, मंग त्याले कोन सांभायीन? मी एकाले शायेत पोचवो आन एकाले मांडीवर घेऊन तेथीच बसो.”

मी हातातलं पान खाली ठेवलं.

“आन मास्तर,” त्या म्हणाल्या, “मास्तर कवा उठला नाही वं. वाईट नव्हता. पन दारापाशी आला नाही. आत बसनाऱ्या आपल्या लोकाइच्या पोट्ट्याइजोळच येत नव्हता, तं बाहेरच्या पोट्टीजोळ कायले येईन?”

“आणि यांनी वळून बघितलं नाही, ते?”

“ते खरं हाय.” मग त्या हसल्या. “लाजे तो. मी मायच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्या नेसून बसो ना. घरी आल्यावर माह्याच मांगं लागे, ताई, तेराचा पाढा म्हनून दाखव. त्याले येतच नव्हता. मी शिकवला त्याले तेराचा.”

“मला कधी सांगितलं नाही यांनी.”

“मले तरी कुठी सांगतलं? आता जर्मनीतून सांगून रायला.”

मी विचारलं की हा भाग पुस्तकात ठेवू का. मला वाटलं होतं त्या म्हणतील, असू दे, त्यानं मायेने लिहिलं. त्यांनी तसं म्हटलं नाही.

“जर्मनीच्या पोट्टीले मास्तरनं आत नेलं, चांगलं झालं. पन मले नाही नेलं ना. लोक वाचतीन आन म्हनतीन, वा, काय मास्तर होता. ठेवाचं तं माह्यं ठेव, जसं झालं तसं. नाही तं काढ.”

मग नाश्ता करायची पुन्हा आठवण देऊन त्यांनी फोन ठेवला.

पुढचे काही आठवडे मला ते ठरवता आलं नाही. पानं ठेवली तर यांच्या नावावर खोटं छापलं जाणार होतं. मूळ न पाहता लिहिलं म्हणून यांनी विद्यार्थ्यांचे निबंध परत केलेले मी पाहिले होते. हे असते तर प्रकरण ताडून बघताना ही पानं यांनी स्वतःच काढली असती, असं मी मनाला सांगायची. पण ते मला नक्की वाटत नव्हतं. कदाचित एवढी एकच गोष्ट सांगता यावी म्हणून पुस्तकं मिटून लिहायची रीत यांनी धरली असेल. आणि पानं काढली तर यांनी आयुष्यभर न सांगितलेलं जे एकदाच सांगितलं, ते मी माझ्या हाताने पुसणार होते.

यात मला सल्ला देणारं माणूस एकच होतं, आणि शनिवारी समोरची खुर्ची रिकामी असायची.

शेवटी मी ताईंचं ऐकलं. जे जिवंत आहे त्याचं ऐकावं, एवढाच विचार केला. त्या प्रकरणातून पाच पानं काढली. मोकळ्या झालेल्या जागी त्या अमेरिकनाने खरोखर पाहिलेला एक भूगोलाचा तास घातला, कार्डांवरून. सांधा दिसतो, पण चालेल. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला दीड पान प्रस्तावना माझ्या नावाने लिहिली. माझी नणंद शाळेच्या दाराशी बसत असे, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ असे, ती बाहेरून पाढे शिकली, मास्तर उठले नाहीत, आणि या पुस्तकाच्या लेखकाला तेराचा पाढा तिने शिकवला. नाव घालू का विचारलं तर ताई म्हणाल्या, “नाव कायले? गावातल्या साऱ्याले ठावं हाय.”

ऑक्टोबरमध्ये नागपूरहून खोकी आली. स्मृतिदिनाला विहारात पुस्तक वाटलं. व्हिटबीहून आलेले यांचे एक जुने स्नेही, निवृत्त इंजिनिअर, प्रस्तावना उभ्याउभ्याच वाचून माझ्याकडे आले.

“वहिनी, रागावू नका. पण याचा आणि युरोपच्या शाळांचा संबंध काय?”

“आत होता,” मी म्हटलं. “पाच पानांचा. ती मी काढली.”

ते गोंधळले, मग हसले, आणि मला जेवायला घेऊन गेले.

नागपूरला ताईंच्या नातीने त्यांना प्रस्तावना वाचून दाखवली. त्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या की दीड पान कमी झालं, इतकी वर्षं बसली व्हती मी तेथी. मग म्हणाल्या, पण खरं लिहिलं.

याला आता दोन वर्षं होतील. यांची खोली मी आवरली. मूळ ग्रंथांच्या छायाप्रती विद्यापीठाला दिल्या, कार्डंही दिली. उरलेल्या प्रती बेसमेंटमध्ये कोरड्या जागी ठेवल्या आहेत. अधूनमधून कुणी मागितली की मी पोस्टात जाऊन पाठवते. दर रविवारी ताईंचा फोन असतो. बाकीच्या दिवशी घरात बोलणं होत नाही, आणि त्याची मला थोडी सवय झाली आहे.

मास्तर उठतात आणि तिला आत आणतात ती पाच पानं, यांच्या अक्षरातली, माझ्याकडे आहेत. ती छापली नाहीत.